राखेची पारख

खैरकोंडच्या वरच्या वाडीत लाकडाचा प्रश्न निघाला की लोक गोदाकडे येतात. कोयत्याला मूठ कशाची बसवावी, मांडवाला कोणत्या झाडाचे खांब टिकतील, परसातला फणस आतून पोकळ झालाय की नाही, हे ती झाडाला हात लावून सांगते. कधी कधी हात न लावताही सांगते, आणि तेव्हा समजावं की बाई जरा मिजाशीत आहे. वय एकसष्ट, अंगाने चिपाड, गुडघे कुरकुरणारे, तोंडात दिवसभर पान. पण मान वर करून झाडाकडे बघायला लागली की भल्याभल्यांना ताटकळत उभं राहावं लागतं. एकदा वनखात्याचा एक साहेब असाच पाऊण तास उन्हात उभा राहिला होता. ती गोष्ट ती अजून पाव्हण्यारावळ्यांना ऐकवते, आणि दर वेळी तो पाऊण तास थोडा वाढतो.

ही मिजास तिने कमावलेली आहे. कशी, ते आधी सांगायला हवं, कारण पुढे तीच तिच्या अंगाशी आली.

भाताचं रोप जिथे करायचं त्या तुकड्याला इकडे दाढ म्हणतात, आणि ही दाढ पावसाआधी भाजतात. माघात झाडांच्या पानासकट डहाळ्या उतरवायच्या, ती कवळ. ती वाळवायची, शेण, कवळ, गवत, गळलेल्या पानांचा पातेरा असे थर जमिनीवर पसरायचे, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट अंगाने विस्तव लावायचा. आग भडकत नाही, नुसती धुमसते. तण मरतं, माती मऊ होते आणि वर जी राख उरते ती रोपाचं पहिलं जेवण. शेतकी खात्याची माणसं दरवर्षी येऊन सांगतात की ही भाजावळ आता सोडा. लोक दरवर्षी मान डोलावतात आणि भाजतात.

कवळ सगळ्यांत चांगली ऐनाची. ऐन म्हणजे सरळसोट वाढणारं झाड, साल मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची. त्याच्यावर चढून डहाळ्या उतरवणं हे पुरुषाचं काम. गोदा लग्न होऊन आली तेव्हा वाडीत चढणारा एकच पुरुष उरला होता, आत्माराम. बाकी सगळे मुंबईला. गोदाचा नवरा केरूही भायखळ्याच्या एका छापखान्यात. एका वर्षी हा आत्माराम पायरीवरून घसरला आणि पाय मोडून घरी बसला. झाडावरून पडला नाही, घराच्या पायरीवरून पडला, आणि हे तो मरेपर्यंत कुणाला सांगू देत नसे. माघ सरत आला. यंदा कवळ कोण तोडणार म्हणून बायका हवालदिल झाल्या. मुंबईला पत्रं गेली, उत्तरं आली, की शिमग्याला येतो मग बघू. शिमग्यापर्यंत ऐनाची पानं गळून जातात हे मुंबईला कोण सांगणार.

गोदाने लुगड्याचा कासोटा घट्ट मारला, कमरेला कोयता अडकवला आणि ऐनावर चढली. तेवीस वर्षांची होती. खाली हा गलका झाला. बाई चढली की झाड वाळतं असं सगळ्याच मानायच्या. सासू कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसली. तेवढ्यात काठी टेकत, मोडका पाय ओढत आत्माराम आला. सगळ्यांना वाटलं, आता हा शिव्या घालणार. त्याने वर बघितलं आणि ओरडून एवढंच सांगितलं,

"शेंड्याला हात लावू नको गो. शेंडा ठेव."

शेंडा ठेवायचा म्हणजे अगदी टोकाचा पानांचा झुबका तसाच सोडायचा. मग झाड जगतं, पुन्हा फुटतं, पुढच्या माघात पुन्हा कवळ देतं. लाकडाच्या ठेकेदाराची माणसं बुंध्यापासून तोडतात, कारण त्यांना पुढच्या वर्षी त्या झाडाशी काही देणंघेणं नसतं. आत्मारामला पुढच्या माघात त्याच झाडावर चढायचं असायचं. गोदाने शेंडा ठेवला. पावसाच्या तोंडाशी झाड अंगभर फुटलं आणि वाडीची तोंडं बंद झाली. पुढच्या वर्षी त्याच बायका आपापल्या ऐनाखाली तिला बोलवायला आल्या. बोलवताना एकीनेही मागच्या वर्षीचा विषय काढला नाही, आणि गोदाने काढल्याशिवाय सोडला नाही.

पस्तीस वर्षं ती झाडांवर चढली. या पस्तीस वर्षांत केरू गणपतीला आणि शिमग्याला यायचा. परत निघाला की गोदा त्याची पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत जायची. दर वेळी एक शब्द तिच्या ओठांवर यायचा: राहा. तो तिने कधी म्हटला नाही. पगार मुंबईत होता, म्हणायचं कुठल्या तोंडाने. शेवटी छापखाना बंद झाल्यावर केरू कायमचा घरी आला आणि अकरा महिन्यांत गेला. त्या अकरा महिन्यांत तो एकदा बांधावर उभा राहून तिला विचारत होता, "आपली दाढ कंची गो, ही का पलीकडची?" गोदाने हसून दाखवलं आणि घरी येऊन चुलीपुढे मनसोक्त रडली. एकदा तरी म्हणायला हवं होतं, असं तिला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मुलगा विनोद एकोणिसाव्या वर्षी मुंबईला गेला, तेव्हाही ती थांब्यापर्यंत पिशवी घेऊन गेली होती. त्याला तिने लहानपणी झाडावर कधी चढू दिलं नाही. शिकेल, साहेब होईल, असा हिशेब होता. तो कुरिअर कंपनीत लागला आणि मोटरसायकलवर मुंबईभर फिरू लागला. टाळेबंदीत बायकोला, सानवीला, घेऊन घरी आला तो दोन महिन्यांसाठी. त्या दोन महिन्यांची वर्षं झाली, आणि मग वाडीतल्या बायकांच्या बचत गटाला यंत्र मिळालं.

यंत्र पांढऱ्या कोळशाचं. लाकडाच्या फांद्या, काटक्या, भाताचं तूस असलं सगळं भरडायचं, उन्हात सुकवायचं आणि दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या पाडायच्या. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये दगडी कोळशाऐवजी या कांड्या जळतात. जमिनीतून खणून आणलेला कोळसा एकदाच संपतो, फांदी पुन्हा फुटते, असं समजावायला सुजय नावाचा एका संस्थेचा इंजिनियर आला होता. पोरगा चांगला होता, फक्त बोलताना फार आकडे सांगायचा. फांदी पुन्हा फुटते हे वरच्या वाडीला सांगायला माणूस रत्नागिरीहून यावा याची गोदाला गंमत वाटली. यंत्र चालवायला माणूस हवा होता, तो विनोद. नोंदी सानवीकडे. आणि माल कोणता घ्यायचा, कुठून, कुणाच्या झाडाचा, हे ठरवायला गोदा. ठराव एकमताने झाला. गटाची अध्यक्ष मैना, जिचं आणि गोदाचं कधी पटत नाही, तिनेसुद्धा हात वर केला.

गोदाने डोंगराचे पाच भाग पाडले. एका वर्षी एकाच भागातल्या फांद्या, त्याही शेंडा ठेवून. ज्या जमिनी ठेकेदाराला विकायच्या गोष्टी मुंबईतले भाऊबंद करत होते, त्यांच्यावरची झाडं तशीच उभी राहिली. सुजयने तिला विचारलं होतं, "काकी, जाळायला सगळ्यांत चांगलं लाकूड कुठलं?"

"ऐन," गोदा म्हणाली. तिला विचारही करावा लागला नाही. सुजयने वहीत लिहून घेतलं.

पहिली गाडी मार्गशीर्षात गेली. तेव्हा ऐन अजून तोडायचा होता म्हणून आंब्याकाजूच्या बागांतून छाटणीचा कचरा गोळा करून वेळ भागवली. शहराकडच्या एका आंब्याच्या रसाच्या कारखान्याने माल घेतला. बॉयलर छान चालला. कारखान्याचा निरोप आला, आणखी एक गाडी अशीच पाठवा, ती ठीक निघाली की चैत्रापासून सगळा हंगाम तुमचाच कोळसा.

मग काय विचारता. गोदा म्हणाली, कचऱ्यावर एवढे खूश झाले, आता खरा माल दाखवूया. पौषात तिने स्वतः उभं राहून डोंगराच्या पहिल्या भागातल्या ऐनाच्या फांद्या काढून घेतल्या, सालीसकट, एक एक पारखून. देवाला नैवेद्य काढावा तशी ती गाडी तिने भरली. वर पोत्यांवर दोन झेंडूची फुलंही ठेवली.

आठव्या दिवशी कारखान्यातून फोन आला. भट्टीतल्या जाळीवर राखेचे दगड बसले, बॉयलर थांबवून पहारीने फोडावे लागले, उरलेला माल परत घेऊन जा. आणखी एकच गाडी बघू, तीही अशी निघाली तर हंगामाचं विसरा.

शेडमध्ये बायका जमल्या. जिला तिला एकच कारण सुचलं, माल ओला होता. सुकवायचं काम विनोदचं. मैनाने तोंड सोडलं, आणि वाईट असं की गोदाही तिच्या बाजूने बोलली. "मी माल सोन्यासारका दिला व्हता," ती सगळ्यांदेखत विनोदला म्हणाली. "तू तो नीट सुकवलास नाय. मोबाईल बगत बसला असशील." विनोद पाठ फिरवून यंत्राकडे गेला. त्याला उलट बोलायची सवय नाही, बापाचाच स्वभाव.

दोन दिवसांनी सानवी चुलीशी बसलेल्या सासूजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आये, ह्येंनी मुंबईला फोन केलान. जुन्या सायबाला. महिन्याअखेर सांगतो म्हणालेत." गोदाने चुलीत लाकूड सारलं. कितीतरी वेळ तिला ते नीट बसवता येईना.

शुक्रवारी दुपारी अंगणात एक मोटरसायकल येऊन थांबली. उतरलेला माणूस पंचावन्नचा, दाढी मेंदीने लाल, मागे एक गोणी बांधलेली. त्याने सांगितलं, "मी हुसेन, भाट्याचा. कारखान्यात बॉयलरवर असतो. सुट्टी होती, म्हटलं तुमचा माल तुम्हालाच दाखवावा." सतरा वर्षं कुवेतला बॉयलर सांभाळून आलेला माणूस. पहिल्या गाडीपासून त्याला या वाडीच्या कोळशाचं कौतुक होतं, आपल्याच मातीतली फांदी जळतेय म्हणून. तो असा टाकून द्यावा लागला याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि सुट्टीचा दिवस मोडून तो एवढ्यासाठी आला होता.

त्याने गोणी ओटीवर रिकामी केली. राखेचे पांढरट दगड, काही डोक्याएवढे, आणि सोबत खूपशी मोकळी राख. विनोद लांब खांबाला टेकून उभा राहिला.

"ओल्या मालाचं झालं ना?" सानवीने विचारलं.

"नाय. ओल्या मालाचा धूर होतो. धूर अजिबात नाय झाला," हुसेन म्हणाला. "माल खडखडीत सुका होता. पोराने काम चोख केलंय. पण राख किती, बेसुमार. अशी राख मी कुठल्या लाकडाची बघितली नाय."

विनोदने मान वर केली. गोदाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पुढे सरकली होती, मोकळ्या राखेत हात घालून ती मुठीत घेत होती, चिमटीत चोळत होती. तिचा चेहरा खुलला होता.

"काय झकास राख हाय," ती म्हणाली. "अशी राख मिळाली तर रोप कसा तरारून येल. ह्या ऐनाचीच राख, सांगायला नको. आंब्याच्या लाकडाची मूठभर पण धड पडत नाय."

हुसेन हसला. "वहिनी, तुम्हाला राख पायजे. आम्हाला पायजे आग. मागे काहीच नको."

तो सहज बोलून गेला. गोदाची मूठ तशीच राहिली.

मग तिने राखेचं बोट जिभेला लावलं. जीभ चरचरली. तिला तिची आजी आठवली. पानाच्या डब्यातला चुना संपला की आजी ऐनाच्या सालीचा तुकडा चुलीत जाळायची आणि ती राख पानाला लावायची. लहानपणी गोदाने ती कितीदा चोरून चाटली होती. म्हणजे हे तिला माहीत होतं. पन्नास वर्षं माहीत होतं. ऐनाच्या सालीत राख ठासून भरलेली असते म्हणून तर ऐन चांगला, म्हणून तर दाढ भाजायला आधी त्याची कवळ. तिने आयुष्यभर जे जाळलं ते राखेसाठी जाळलं. चांगलं लाकूड कुठलं म्हणून त्या पोराने विचारलं, तेव्हा तिच्या मनात बॉयलर नव्हताच, भाताचं रोप होतं. आंब्याचा कचरा जळून गेला आणि मागे काही राहिलं नाही, म्हणून कारखाना खूश होता. त्याच्या पाठोपाठ तिने स्वतःच्या हाताने ऐनाची गाडी धाडली, आणि वर फुलं ठेवली.

हुसेन चहा पिऊन गेला. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिने एक वाईट विचार केला. ऐन गुपचूप बंद करावा, पुढची गाडी आंब्याकाजूची भरावी, ती ठीक निघेल, मग सगळे विसरतील. मैनापुढे खाली बघायला नको. लाकडाच्या बाबतीत गोदा चुकली असं वाडीत पस्तीस वर्षांत कुणी म्हटलेलं नव्हतं आणि तिला ते ऐकायचं नव्हतं. सुका माल होता असं हुसेन म्हणाला खरा, पण ते ऐकलं घरातल्या तिघांनी. बायकांच्या लेखी विनोदने माल ओला ठेवला होता, ते तसंच राहिलं असतं.

रविवारी सकाळी गटाची बैठक झाली. मैनाने विषय काढला, की यंत्रावर दुसरा शिकलेला माणूस ठेवावा. विनोद दारात उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "ठेवा की. मी तसापण मुंबईला जायचा बगतोय."

गोदा उठली. गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागतो, आणि त्या दिवशी सतरा जणी तिच्याकडे बघत असताना तो फारच लागला.

"विनूचा दोष नाय," ती म्हणाली. "यंत्राचा नाय. माल सुका व्हता, त्या हुसेनभाईनी सांगितलान. माल मी निवडला, तिथं चुकला. मी आजवर राखेसाठी लाकूड जाळत आले. ज्येची राख जास्त ते चांगला, येवढाच मला ठावूक. त्येंना जळून कायच न ठेवणारा लाकूड पायजे, आणि मी त्येंना ऐन दिला. मला विचारलेला मी ऐकला नाय." ती दाराकडे वळली. "आणि विनू, तुला मी सगळ्यांदेखत बोलले. ते सगळ्यांदेखत मागं घेतंय."

गोदाला वाटलं, आता मैना सोडत नाही. मैना तोंडाला पदर लावून हसली.

"बाई चढली की झाड वाळता म्हणायचे," मैना म्हणाली. "गोदाने बॉयलर वाळवलान."

शेडमध्ये हशा पिकला. गोदाही हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने पुसलं नाही. विनोद दारातून कधी निघून गेला ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. ऐन वेगळा काढला. त्याची कवळ पूर्वीसारखी दाढ भाजायला, आणि यंत्रासाठी आंब्याकाजूची छाटणी, बांधावरच्या गिरिपुष्पाच्या काठ्या, वरच्या कातळाच्या सड्यावर सरकारने लावून विसरलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या फांद्या. भाताचं तूसही राख फार ठेवतं, म्हणून तेही गोदाने वगळायला लावलं. यावेळी तिने प्रत्येक लाकडाच्या मूठभर काटक्या आधी तव्यावर जाळल्या आणि मागे काय उरतं ते बघितलं. ज्याची राख जास्त त्याला ती बाजूला सारायची, आणि सारताना तिचा हात अडखळायचा. सुजय आला तेव्हा त्याने हे बघितलं, स्वतःची वही काढली, ऐनावर रेघ मारली आणि म्हणाला, "काकी, हे मी आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्यायला हवं होतं." गोदाला तो पोरगा तेव्हा जरा जास्त आवडला.

तिसरी गाडी पौष संपता संपता गेली. पाचव्या दिवशी हुसेनचा फोन आला. सानवीने आवाज मोठा करून मोबाईल शेडमध्ये सगळ्यांच्या मधोमध ठेवला. "जाळी साफ हाय," हुसेन सांगत होता. "दिवसभर चालवला, एक घमेलंभर राख निघाली. साहेब म्हणाले, चैत्रापासून माल सुरू करा."

बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. गोदा मोबाईलवर वाकून मोठ्याने म्हणाली, "हुसेनभाई, ती घमेलंभर टाकू नका हां. कुणी येणारा असेल तर पाठवून द्या."

सगळं जागेवर आलं. नव्हतं ते एकच. विनोद मुंबईचं काही बोलत नव्हता. महिनाअखेर आली आणि गेली. सानवीला विचारावं तर तिलाही माहीत नव्हतं, आणि मुलाला विचारायचं धाडस गोदाला होईना. यंत्र चालणार एवढं ठरलं होतं. ते कोण चालवणार हे ठरलं नव्हतं. सगळ्यांदेखत बोललेला शब्द मागे घेतला म्हणून तो लागलेला नसतो असं थोडंच आहे. रोज सकाळी ती त्याच्या खोलीच्या दाराशी पिशवी दिसते का बघायची.

माघात घरची दाढ भाजायला कवळ तोडायची वेळ झाली. गुडघ्यांमुळे तीन वर्षं गोदा शेजारच्या वाडीतला माणूस बोलवायची. यंदा तो आजारी पडला. ती ऐनाखाली उभी राहून वर बघत होती, आता कुणाला बोलवावं याचा विचार करत होती, तेवढ्यात विनोद आला. चपला काढल्या, तिच्या हातातला कोयता घेतला, कमरेला अडकवला आणि चढायला लागला.

"तुला जमाचा नाय," गोदा म्हणाली.

"बगू," तो म्हणाला.

चौतीस वर्षांचा बाप्या, पोट थोडं सुटलेलं, पहिल्यांदाच झाडावर. दोनदा पाय घसरला. पण हात सरावले तशा डहाळ्या पडायला लागल्या, एक बाजू, मग दुसरी. तो वर वर गेला. आता फक्त टोक राहिलं होतं. आत्मारामचं ते वाक्य गोदाच्या घशाशी आलं. तिने ते गिळलं. का गिळलं ते तिलाच ठाऊक. आपण सांगितलं म्हणून ठेवलेला शेंडा तिला नको होता.

विनोदने टोकाचा झुबका डाव्या हाताने धरला. कोयत्याचा हात उचलला. गोदाने डोळे मिटले नाहीत. तो तसाच थोडा वेळ थांबला, मग झुबका सोडून दिला, कोयता कमरेला लावला आणि उतरायला लागला.

खाली आल्यावर तो धापा टाकत होता. दंडावर सालीचे ओरखडे उठले होते. वर बघत, घाम पुसत तो म्हणाला, "त्यो उजवीकडला फाटा हाय ना आये, त्यो वायच बारीक हाय. म्हणून ठेवला. पुढच्या माघात घेऊया."

गोदा तिथेच कवळीच्या ढिगावर बसली. पस्तीस वर्षं एसटीच्या थांब्यावर जो शब्द तिच्याने निघाला नव्हता, तो आता निघाला, अगदी विचारायची गरज संपल्यावर.

"ऱ्हाशील काय रे?"

विनोदने तिच्याकडे चमकून बघितलं. ती रडत होती, आणि तिला रडताना त्याने फारसं बघितलेलं नव्हतं.

"तू कधी विचारलासच नाय," तो म्हणाला. मग कोयता पुन्हा कमरेला लावून तो पुढच्या ऐनाकडे चालू लागला.